आमचे कुलीर-कुटुंब

खेकडा हा आमच्या लेखणीचा विषय व्हावा, हे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस खरे वाटणार नाही. तेहेतीस वर्षे आम्ही मुलांकडून शब्दरूपे घोकून घेतली, संधी सोडवून घेतले. त्यात 'कुलीर', 'कर्कट' हे शब्द अधूनमधून आले, तेवढाच काय तो आमचा या जीवाशी परिचय. पंचतंत्रातील बगळ्याची मान त्या कुलीरकाकडून आम्ही वर्गात किती वेळा तोडविली असेल, त्यास गणती नाही. परंतु प्रत्यक्ष खेकडा काय खातो, कोठे निजतो, हे साठी उलटेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते. घर शाकाहारी, त्यामुळे बाजारातही त्याची गाठ पडण्याचे कारण नव्हते. ती गाठ पडली, आणि तिच्यापायी आमच्या हातून जे घडले ते सांगावे की न सांगावे, या विचारात कित्येक महिने गेले. ज्यांच्या घरी मुले काचेच्या टाकीत काही ना काही पाळण्याचा हट्ट धरीत असतील, अशा गृहस्थांच्या उपयोगी पडेल म्हणून आता लिहितो.

मेहकरात आमच्या घरापासून पैनगंगा फार दूर नाही. दोन वर्षांपूर्वी कर्कसंक्रांतीच्या सुमारास, नदीचा पहिला पूर ओसरल्यावर, आमचा सहावीत शिकणारा नातू एका बादलीत दोन खेकडे घेऊन आला. एक नर, एक मादी. रंग ओल्या काळ्या मातीसारखा, पाठीची रुंदी आमच्या चार बोटांएवढी, आणि नराची एक नांगी दुसरीपेक्षा चांगलीच दांडगी. नर कोणता व मादी कोणती हे नदीवरील भोयाने त्यास शिकविले होते. खेकडा उताणा केला म्हणजे पोटाशी दुमडलेली एक पट्टी दिसते. ती नराची अरुंद असते, मादीची पसरट. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरात सगळे आक्का म्हणतात, ओसरीवरूनच म्हणाल्या, "राशीत आहे तेवढा पुरे नाही का? घरात कशाला?" आमच्या सौभाग्यवतींनी बादली स्वयंपाकघराच्या बाजूस येता कामा नये, एवढीच अट घातली.

आम्ही मात्र खुललो. संस्कृत शिकलेल्या माणसास पुस्तकातला शब्द अंगणात चालताना दिसला की तो जरा सैल सुटतो. त्याच सायंकाळी आम्ही नातवास पंचतंत्राच्या शेवटच्या तंत्रातील गोष्ट सांगितली. एक ब्राह्मणपुत्र एकटाच प्रवासास निघतो. आई त्यास सोबत म्हणून एक खेकडा देते आणि तो कापराच्या पुडीत ठेवलेला असतो. वाटेत मुलगा झाडाखाली झोपला असता कापराच्या वासाने साप येतो आणि खेकडा त्या सापास मारतो. गोष्ट ऐकून नातवाने विचारले, "पण आजोबा, कापरात खेकडा जगतो का?" आम्ही निरुत्तर झालो. मुलगा खेकड्याकडे पाहत होता, आम्ही गोष्टीकडे. पुढे जे घडले त्याची सूचना आम्हांस येथेच मिळावयास हवी होती.

माळ्यावर तीन फूट लांबीची काचेची एक टाकी पडून होती. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी कॉलेजात असताना मासे पाळले होते, त्यांच्यामागे उरलेली. नातवाने ती घासून स्वच्छ केली. तळाशी नदीची वाळू, एका बाजूस पाण्याबाहेर डोकावतील असे सपाट दगड आणि दोन कोपऱ्यांत फुटक्या माठाची दोन मोठी खापरे उपडी, अशी त्याने रचना केली. पाणी आम्ही स्वतः तांब्याच्या घागरीतील ओतविले. तांब्याच्या भांड्यातील पाणी माणसास गुणकारी, तेव्हा खेकड्यासही असावे, असा आमचा समज. आमचा एक जुना विद्यार्थी परगावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवितो. त्यास नातवाने मोबाइलवर चित्रे पाठविली होती. त्याचे उत्तर आले की, गुरुजी, ते पाणी आधी काढा. खेकड्याच्या रक्तात आपल्यासारखे लोह नसून तांबेच असते, तथापि पाण्यात उतरलेले तांबे या जातीच्या प्राण्यांस विष आहे. नळाचे पाणीही एक दिवस उघडे ठेवून मग घालावे, म्हणजे त्यातील क्लोरिन निघून जातो. शिष्याने गुरूस पाण्यापासून शिकवावे, हा योग आमच्या आयुष्यात प्रथमच आला.

त्यानेच चित्रावरून जातीचे नाव कळविले. ही बहुधा बॅरिटेल्फ्यूसा कुनिक्युलॅरिस. दख्खनच्या खेकड्यांविषयी कर्नल साइक्स याने लिहिले, त्या लेखात वेस्टवुड या प्राणिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये या जातीचे हे नामकरण केले. त्या नावातील दुसऱ्या पदाने आम्हांस मोहिनी घातली. लॅटिनमध्ये 'कुनिक्युलस' म्हणजे ससा, आणि ससा जे भुयार खणतो तेही. म्हणजे हा भुयारी खेकडा. नदीच्या काठात, शेताच्या बांधात खोल बीळ करून राहणारा. ही व्युत्पत्ती पुढे दोन महिने घरी येणाऱ्या प्रत्येकास आम्ही ऐकविली.

श्रावणात धाकटे चिरंजीव कामानिमित्त मुंबईस गेले होते. येताना पुतण्याच्या कौतुकासाठी तेथील एका दुकानातून त्यांनी दोन लहान खेकडे आणले. पाठ जेमतेम रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, रंग काळपट तपकिरी आणि नांग्या मात्र शेंदरासारख्या लाल. दुकानदाराने सांगितले होते की हे गोड्या पाण्यातच राहतात, पालापाचोळा खातात, कोणाच्या वाटेस जात नाहीत. नातवाने तेव्हाच विचारले, "आजोबा, यांच्यासाठी दुसरी टाकी घ्यायची ना?"

आम्ही नको म्हणालो. खर्चाचा प्रश्न फारसा नव्हता. ओसरीवर दोन-दोन टाक्या म्हणजे पसारा, हे एक कारण. आणि सगळे एकाच कर्कट जातीचे, तेव्हा एकमेकांस ओळखून राहतील, हे दुसरे. भोयाने तर बादली देतानाच बजावले होते, "गुरुजी, एका बकेटीत दोन खेकडे ठेवसान त सकायी एकच राहीन." पण आम्हांस वाटले, ही बादलीतली गोष्ट, टाकी केवढी प्रशस्त! आम्ही रात्री जेवणाच्या पंक्तीत जाहीर केले की, या एका घरात चौदा माणसे नांदतात, तर एका टाकीत चार खेकडे का नांदू नयेत? तेव्हा आमची धाकटी सून, जी आमच्यासमोर सहसा बोलत नाही, वाढता वाढता म्हणाली, "मामंजी, पण आपल्या खोल्यांना कड्या आहेत." सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि चौघे एका टाकीत पडले.

पहिले काही दिवस खरोखरच सलोख्याचे गेले. म्हणजे आम्हांस तसे वाटले. थोरले दोघे दिवसभर आपापल्या खापराखाली असत. लहान दोघे दगडावर बसून नांग्यांनी शेवाळ खरवडून आळीपाळीने तोंडाशी नेत. दोन्ही हातांनी पोहे खाणारे मूल पाहावे तसा तो देखावा. रात्री दिवे मालवले की काचेवर टकटक सुरू होई. एका एकादशीच्या पहाटे आक्का पूजेस बसल्या असता समईमागून एक लाल नांगी वर आली. आक्कांनी किंकाळी न फोडता, सोवळे सांभाळून, पितळी फुलपात्र त्या जीवावर उपडे घातले आणि मग शांतपणे हाक मारली, "तुझा पाहुणा देवदर्शनास आला आहे, घेऊन जा." झाकणावर वजन ठेवण्याची पद्धत त्या दिवसापासून सुरू झाली. हे लहान खेकडे अर्धे जमिनीवरचेच. पाण्याबाहेर यावयास जागा न मिळाली तर ते बाहेर पडण्याची वाट शोधतातच.

त्यानंतर आठवडाभराने लहानांपैकी एक मेला. निदान आम्ही तसे समजलो. वाळूवर तो पाय पसरून निश्चल पडला होता. सौभाग्यवतींनी त्यास चिमट्याने उचलून तुळशीमागच्या मातीत पुरविले, मुलांनी त्यावर फूल ठेवले. सायंकाळी पाहतो तो टाकीत लहान खेकडे पुन्हा दोन! पुरले ते नुसते कवच होते. खेकड्याचे कवच वाढत नाही. आतला जीव वाढला की त्यास जुने कवच टाकावेच लागते. पाठ व पोट जोडणारी शिवण मागल्या बाजूस उकलते आणि तो डोळे, मिशा, पायांची अग्रे यांसकट पाठमोरा बाहेर येतो. मागे राहिलेले कवच इतके संपूर्ण असते की पाहणाऱ्याने प्रेतच समजावे. नव्याने बाहेर आलेला जीव लोण्यासारखा मऊ असतो. पाणी ओढून घेऊन तो फुगतो आणि पुढे काही दिवसांत नवे कवच हळूहळू कठीण होते. टाकलेले कवचही तो खातो, कारण त्यात चुना असतो. आम्ही कौतुकाने केलेल्या त्या अंत्यविधीत त्याचे अन्नच पुरले होते. त्या लहानग्याने कात टाकली ती पंपाच्या मागच्या बोटभर फटीत, जेथे थोरल्यांचा पायही शिरला नसता. हे आम्ही पाहिले. परंतु त्याचा अर्थ लावला नाही.

जेवणाचा प्रश्न निराळाच. आम्ही त्यांस उकडलेला पालक, गाजराचे काप, काकडी, भाकरीचा चुरा असे घालीत होतो आणि ते खातही होते. नातवाने एके दिवशी भीतभीत विचारले, "आजोबा, थोडे सुकट आणू का? ते नुसत्या भाजीवर राहत नाहीत. सर म्हणाले." ('सर' म्हणजे आमचाच तो विद्यार्थी!) आम्ही त्यास स्पष्ट सांगितले की या उंबरठ्याच्या आत सुकट येणार नाही, या घरात राहावयाचे तर या घरचे अन्न. मुलगा काही बोलला नाही. हे वाक्य आम्ही आयुष्यात पूर्वीही एक-दोनदा, निराळ्या प्रसंगी, निराळ्या माणसांस उद्देशून उच्चारलेले आहे. ते येथे सांगत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आमच्या वऱ्हाडात हा सण घरोघर मोठा. जेवणास पन्नास-साठ पाने झाली. मुलाबाळांची टाकीभोवती गर्दी, आणि टाकीत पाहावे तर वाळू व दगड. "गुरुजी, रिकामीच दिसते," असे एक जण म्हणाले. आम्हांस ते लागले. आम्ही बाही सरसावून दोन्ही खापरे बाहेर काढली. थोरला नर उघडा पडला तसा काचेच्या कडेस सरकला, फिरला, पुन्हा सरकला. मुले खूष झाली. आणि त्याच जागी उभे राहून आम्ही पाहुण्यांस 'कुनिक्युलस' या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. हातात ते ओले खापर होते.

दुसऱ्या दिवशी नातू म्हणाला की थोरला दोन दिवस जेवत नाही, खापरे परत ठेवू या. टाकी मोकळी बरी दिसत होती. आम्ही म्हणालो, असू दे, पाहू.

चौथ्या दिवशी पहाटे त्याने आम्हांस उठविले. ओसरीवर दिवा लावला. वाळूवर थोरल्याचे रिकामे कवच होते, आणि त्याच्या शेजारी स्वतः थोरला, फिकट आणि मऊ. त्याचे एका बाजूचे पाय नव्हते, एक डोळा नव्हता. मुंबईचे ते दोघे, ज्यांच्या जिवाची काळजी आम्ही सुरुवातीस करीत होतो, त्याच्या अंगावर बसून लाल नांग्यांनी आळीपाळीने खात होते. शेवाळ खात तसेच, शांतपणे. मादी दगडावर होती. थोरला अजून हलत होता. त्यास उचलावे तर हातात फाटेल, म्हणून नातवाने त्या दोघांस बाहेर काढून बादलीत टाकले, अडगळीतून खापर शोधून आणले आणि ते त्याच्यावर अलगद उपडे घातले. दुपारपर्यंत तो जगला.

मुलगा रडला नाही, आम्हांस एक शब्दही बोलला नाही. शाळेत गेला, आला, अभ्यासास बसला. शब्दाचा अर्थ विचारावयास तो रोज आमच्याकडे येत असे; त्या दिवशी कोश स्वतः काढून घेतला.

खेकड्यांविषयी लोकांत दोन समज आहेत, आणि दोन्ही या निमित्ताने आम्हांस तपासून पाहावे लागले. टोपलीतला एक वर चढू लागला की बाकीचे त्यास खाली ओढतात, हा पहिला. आपल्या मराठी माणसांस तो फार आवडतो, कारण त्यात शेजाऱ्याचे वर्णन आयते मिळते. आम्ही बादलीत पुष्कळ वेळ पाहिले. जो तो वर चढण्यासाठी हाताशी लागेल ते धरतो. दगड असला तर दगड, दुसऱ्याचा पाय असला तर पाय. यात मत्सर कोठेच नाही. त्या पहाटेच्या खाण्यातही द्वेष नव्हता. मऊ पडलेला जीव आणि त्याच्या अंगचा चुना-मांस यांचा वास पाण्यात पसरला; आणि ज्यांस आम्ही महिनाभर पालक-काकडीवर ठेवले होते ते तिकडे गेले.

दुसरा समज जुन्या ग्रंथांतला. राजपुत्र खेकड्याप्रमाणे जनकासच खाणारे असतात, असे भारद्वाजाचे मत कौटिल्याने अर्थशास्त्रात नोंदविले आहे. आणि खेकडी गर्भ धरते तो स्वतःच्या नाशासाठी, अशा अर्थाचा दाखला वनपर्वात द्रौपदी जयद्रथास देते. आम्ही हे जन्मभर खरे धरून शिकविले. पुढच्या वर्षी, ज्येष्ठात मृगाचा पाऊस पडल्यावर, आम्ही व नातू मिळून त्या थोरल्या मादीस पैनगंगेत सोडावयास गेलो. तेव्हा त्याच भोयाने जाळ्यात आलेली दुसरी एक मादी उताणी करून पोटाची पट्टी बोटाने उचलून दाखविली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्ले खचून भरली होती, पुरी खेकड्याच्या आकाराची. गोड्या पाण्यातील खेकडी अंडी पाण्यात सोडून देत नाही. ती पोटाशी बाळगते, पिल्ले तेथेच फुटतात आणि काही काळ तेथेच राहतात. पट्टीखालून ती एकाएकी बाहेर पडताना पाहून कोणास आईचे पोट फाटले असे वाटले असेल. पण आई जिवंत असते. भोयाने ती परत पाण्यात सोडली.

त्या दोघा मुंबईकरांची हकीकत राहिली. विद्यार्थ्यास सर्व कळविले तेव्हा त्याने लिहिले की हे गोड्या पाण्याचे नव्हेतच. खाडीकाठच्या कांदळवनात, जेथे नदी व समुद्र मिसळतात, तेथले हे राहणारे. नदीचा खेकडा गोड्या पाण्यातून कणकण क्षार कल्ल्यांनी ओढून रक्तात साठवितो. खाडीच्या खेकड्यास तो व्यवहार काही काळ जमतो, कायमचा जमत नाही. दुकानात, टाकीत तो काही महिने काढतो, आणि मग लोक म्हणतात याचे आयुष्यच तेवढे. त्याची मादी अंडी धरते, पण त्यातून निघणारी सूक्ष्म पिल्ले खाऱ्या पाण्यावाचून वाढत नाहीत. म्हणजे आम्ही दोन निरनिराळ्या पाण्यांचे जीव एका पाण्यात घातले होते, आणि ते पाणी त्यांतल्या एकाचेच होते.

खारे पाणी म्हणताच नातवास लोणार आठवले. मेहकरहून ते सरोवर हाकेच्या अंतरावरच म्हणावयाचे. कित्येक दिवसांत तो प्रथमच उत्साहाने आमच्याशी बोलत होता, म्हणून नाही म्हणताना जिवावर आले. पण लोणारचा क्षार समुद्राच्या मिठाचा नव्हे, सोड्याचा. काच व साबण करण्याकडे त्याचा उपयोग होत असल्याचा उल्लेख ऐन-इ-अकबरीतही आहे. त्या पाण्याने खेकड्याची कातडी जळली असती. हे या वेळी आम्ही आधी विचारून घेतले आणि मग सांगितले. शेवटी मत्स्यालयासाठी तयार मिळणारे समुद्री मीठ मागविले. स्वयंपाकाचे चालत नाही. लिटरास आठ-दहा ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके खारे पाणी, दुसऱ्या टाकीत भरले. ती टाकी जिन्याखाली ठेवली आहे. दोघांपैकी एक दिवाळीपूर्वीच गेला. त्यास हे पाणी मिळाले, पण उशिरा.

आणि सुकट. ते आणावयास नातवास पाठविणे आम्हांस योग्य वाटेना, म्हणून एका बुधवारी आम्हीच बाजाराच्या त्या टोकास गेलो, जेथे इतक्या वर्षांत कधी पाऊल टाकले नव्हते. विकणारी बाई आमच्या एका विद्यार्थ्याची आई निघाली. "गुरुजी, तुमी?" असे म्हणून तिने कागदात चांगले दोन मूठ बांधून दिले आणि पैसे घेईना. ते डब्यात घालून गोठ्यात उंच फळीवर ठेवले आहे. आक्कांस ठाऊक आहे, त्या त्या बाजूस पाहत नाहीत. आठवड्यातून दोनदा चिमूटभर घालतो. घालून झाल्यावर आंघोळ करतो.

उरलेल्या एकाने परवा पुन्हा जेवण सोडले. आता तो खापराखाली आहे. तीन दिवस झाले, आम्ही त्यास पाहिलेले नाही.